जर्नल उतरवून इंजिनिअर होता येत नाही

आधी एक कबुली देतो. फायनल इयरला आमच्या चौघांच्या ग्रुपने प्रोजेक्ट विकत घेतला होता. परीक्षकांनी रिपोर्ट चाळला, दोन प्रश्न विचारले, मार्क दिले. अब्बांनी माझ्या फीसाठी कर्ज काढलं होतं. त्यांना हे मी कधीच सांगितलं नाही.

पहिल्या मुलाखतीत त्याच प्रोजेक्टमध्ये एक छोटा बदल करायला सांगितलं. कुठली फाइल उघडायची तेही मला कळेना. नोकरी हुकली.

चूक माझी होतीच. पण चार वर्षं आम्ही जर्नलमध्ये प्रोग्रॅम उतरवत होतो आणि जर्नल पूर्ण असल्याचेच मार्क मिळत होते. नोकरीत रोजचं काम म्हणजे दुसऱ्याचा कोड वाचणं, बिघाड शोधणं, केलेला बदल तपासणं. हे कॉलेजात शिकवता येतं. प्रॅक्टिकलला शिक्षकांनी मुद्दाम चुका ठेवलेला प्रोग्रॅम द्यावा, मुलांनी तो दुरुस्त करावा. प्रोजेक्ट पहिल्या दिवसापासून गिटवर ठेवावा. कुणी, कधी, काय लिहिलं ते त्यात दिसतं. तोंडी परीक्षेत समोर बसवून एक बदल करून घ्यावा. यासाठी नवी इमारत लागत नाही.

तुम्ही मात्र अभ्यासक्रम बदलायची वाट पाहू नका. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट ऐकता येतात. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स सुरू केलं, तेव्हा तेही हेलसिंकी विद्यापीठात शिकत होते. त्याचा कोड आजही कुणालाही वाचता येतो. एखादा छोटा खुला प्रोजेक्ट निवडा. आठवडाभर नुसता वाचा. मग त्यातली एक चूक दुरुस्त करून पाठवा. सबमिशनच्या आदल्या रात्री नव्हे, याच आठवड्यात.