बटाट्याचे पाणी

श्रावणातला सोमवार. गिरगावातून बंगळुरास बिऱ्हाड हलवून आलेली एखादी गृहिणी मल्लेश्वरम् भागातील आपल्या घरी उपवासाचे बटाट्याचे पॅटिस तळावयास घेते. तेल तापलेले असते, पाने मांडलेली असतात. आणि पहिले पॅटिस कढईत पडताच उकलते. आतले ओले खोबरे, दाण्याचा कूट, जिरे सारे तेलात पसरते. तेच हात, तेच प्रमाण. मग मुंबईत कधी न फसलेला पदार्थ येथेच का फसावा? घरातील वडीलधारी माणसे समजूत घालतात, “येथले पाणी मानवले नाही, झाले!” सहज काढलेल्या या उद्गारात पुष्कळसे सत्य दडलेले असते.

बंगळुरात मराठी चूल आजची नाही. १६३८ साली हे नगर विजापूरच्या फौजेच्या हाती आले व शहाजीराजांच्या जहागिरीत गेले, तेव्हापासून मराठी भाषा येथे नांदते आहे. बटाटा मात्र मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याचे मराठी नाव पोर्तुगीजांकडून आले. शेजारची कानडी गृहिणी त्यालाच आलूगड्डे म्हणते. धान्य नव्हे म्हणून हा परदेशी कंद आपल्या उपवासालाही चालू लागला.

आता पाण्याचा विचार करू. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्यामुळे उघड्या पातेल्यातील पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ९७ अंश सेल्सिअसलाच उकळते. मुंबईच्या अंदाजाने उतरविलेला बटाटा म्हणून गाभ्यात कच्चट राहतो. तो पुन्हा चढविला की वरची साल फुटते व आत पाणी शिरते.

दुसरे कारण ऋतूचे. बंगळूरच्या बाजारात हासन जिल्ह्याचा बटाटा येतो. तेथे पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेले पीक श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, म्हणजे नेमके उपवासाच्या आणि गणपतीच्या दिवसांत, निघू लागते. बटाट्यात मुळातच शेकडा ८० भागांच्या आसपास पाणी. कोवळ्या, पावसाळी बटाट्यात पिठूळ अंश आणखी कमी. तापलेल्या तेलात या पाण्याची वाफ होते आणि बाहेर पडताना ती पॅटिसचे कवच फोडते. दोष हाताचा नसतो, आत राहिलेल्या पाण्याचा असतो.

अशा वेळी सारणात मूठमूठ पीठ ओतण्याचा मोह होतो. त्याने पॅटिस सांधते खरे, पण बटाट्याची चव जाऊन पिठाचा गोळा उरतो. त्यापेक्षा बटाटा पारखून घ्यावा. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवून त्यात बटाटे सोडले, तर पिठूळ बटाटा तळाशी बसतो, चिकट व पाणचट तरंगतो. तरंगणारे रश्श्यासाठी ठेवावेत, बुडणारे धुऊन पॅटिससाठी घ्यावेत. हिरवट झालेले मात्र कशालाही वापरू नयेत.

बटाटे सालीसकट, अखंड शिजवावेत. प्रेशर कुकर असल्यास ते डब्यात, डब्यात पाणी न घालता ठेवावेत. कोंडलेल्या वाफेपुढे बंगळूरच्या उंचीचे काही चालत नाही. शिजल्यावर लगेच सोलून ताटात पसरावेत, म्हणजे वाफेबरोबर बरेच पाणी उडून जाते. पूर्ण निवाल्यावर किसावेत. अर्धा किलो बटाट्यांस दोन मोठे चमचे आरारूट किंवा शिंगाड्याचे पीठ पुरे होते. सारणात मीठ अगदी शेवटी घालावे. आधी घातल्यास ओल्या खोबऱ्याला पाणी सुटते. पारी सर्व बाजूंनी सारखी घेऊन तोंड नीट मिटवावे, पॅटिस किंचित चपटे करून आरारुटात घोळवावे आणि पाव तास झाकून ठेवावे.

तेलाची परीक्षा बटाट्याच्या कणाने करावी. कण तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे; लगेच फेसाळत वर आला तर योग्य आहे. एका वेळी तीन-चारच पॅटिस सोडावेत. गर्दी झाली की तेल निवते. खालची बाजू धरेपर्यंत झाऱ्याला आवर घालावा. शीतगृहातला बटाटा असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. थंडीत त्यातील पिठाची साखर होते आणि पॅटिस पाहता पाहता काळपट पडते. असा बटाटा दोन आठवडे घरच्या हवेत ठेवला की पुष्कळसा सुधारतो.

पुढच्या सोमवारी तीच गृहिणी पुन्हा कढई ठेवते. शिजलेले बटाटे ताटात वाफ टाकीत पडलेले असतात आणि स्वयंपाकघरात कुणाला घाई नसते. पहिले पॅटिस तेलात उतरते, कडेने बुडबुडे येतात, आणि ते उकलत नाही. ती ते उलटते. खालची बाजू बदामी झालेली असते. मग मात्र “येथले पाणी मानवले नाही” असे त्या घरात कुणी म्हणत नाही. पाणी तेच असते. तिने ते जोखलेले असते.