दादरला न उतरता



साहित्य संमेलनातल्या अध्यक्षीय भाषणाची एक ठरलेली वाट असते. आधी ऋणनिर्देश, मग मराठीच्या भवितव्याची चिंता, शेवटी तरुणांना उपदेश. ऋण मी मनापासून मानतो. चिंता करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि उपदेश ऐकतील इतके तरुण सभागृहात असल्याचं मला इथून तरी दिसत नाही. म्हणून मी वाचनाबद्दल बोलणार आहे. लिहिणाऱ्या माणसाने दूरदूरच्या कथा-कादंबऱ्या का वाचाव्यात, आणि आपण उपनगरवाल्यांनी त्या कशा वाचल्या, एवढंच.

मी बोरिवलीचा. नोकरी बँकेत केली आणि लिहिलं ते रात्री, घरची जेवणं उरकून ओटा पुसून झाला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर. यात कौतुकाचं काही नाही. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतचे बहुतेक मराठी लेखक असेच लिहीत आले. वाचन मात्र गाडीतलं. बोरिवलीहून सुटणारी स्लो पकडली की खिडकी नाही तरी चौथी सीट मिळे, आणि चर्चगेटपर्यंत तासभर कोणी हात लावत नसे. इंग्रजी पुस्तकं हवी असली तर ‘टाउनात’ जावं लागे. फाउंटनचा फुटपाथ होता, स्ट्रँड होतं. स्ट्रँड २०१८ साली बंद झालं.

पण त्याआधीच जग आमच्यापर्यंत मराठीतून पोचलं होतं. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाचं ग्रंथालय घ्या. संघ १९२३ सालचा. अशा ठिकाणी आठवड्याला पुस्तक बदलणाऱ्या मुलांना भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न दिला. मोठ्यांना दुर्गाबाई भागवतांनी थोरो दिला. धारवाडला बसून जी. ए. कुलकर्णींनी कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्या ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ अशा मराठीत आणल्या, आणि ओहायोच्या जंगलात झाडं तोडून घर उभं करणारी माणसं आम्हाला कोकणातल्या चुलत्यांसारखी ओळखीची वाटू लागली.

यामागे नुसतं साहित्यप्रेम नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. जयवंत दळवी अमेरिकन सरकारच्या मुंबईतल्या माहिती खात्यात, यूसिसमध्ये, नोकरीला होते, आणि अमेरिकन पुस्तकांचे मराठी अनुवाद चांगल्या लेखकांकडून करून घेणं हा त्या कामाचा भाग होता. दुसऱ्या बाजूने मॉस्कोहून प्रगती प्रकाशनाची पुस्तकं यायची. जाड कागद, पक्की बांधणी, आणि किंमत इतकी कमी की विद्यार्थ्यालाही परवडावी. अनिल हवालदारांसारखी माणसं मॉस्कोत राहून थेट रशियनमधून मराठी करत होती. दोन महासत्ता एकमेकींवर डोळे वटारत होत्या आणि त्या भांडणात मराठी वाचकाचं कपाट भरत होतं. शीतयुद्धाचा इतका निर्मळ फायदा दुसऱ्या कोणाला झाला असेल असं मला वाटत नाही! १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि ती पुस्तकं यायची थांबली. अमेरिकेलाही मग मराठी वाचकाची गरज उरली नाही.

या वाचनातून लेखकाला काय मिळतं? तंत्र मिळतं असं म्हणतात. मला त्याचा फारसा अनुभव नाही. मला विषय मिळाले. चेखवची एक गोष्ट आहे. नाटक बघताना एक कारकून शिंकतो, शिंतोडे पुढच्या रांगेतल्या बड्या अधिकाऱ्याच्या टकलावर उडतात, आणि माफी मागून मागून हा बिचारा शेवटी धास्तीनेच मरतो. मी ती वाचली तेव्हा आमच्या शाखेत झोनल मॅनेजरची भेट ठरली की दोन दिवस आधीपासून पोट बिघडणारे एक सहकारी होते. रोज डबा त्यांच्याबरोबर खात होतो, पण ते कथेत येऊ शकतात हे मला माझ्या भाषेतल्या थोरांनी सुचवलं नव्हतं. १८८३ साली वैद्यकी शिकणाऱ्या एका रशियन तरुणाने सुचवलं.

पुलंचं उदाहरण तर घरचंच. बालपण जोगेश्वरीला, शाळा पार्ल्याची. हेमिंग्वेचा क्यूबातला म्हातारा कोळी त्यांनी १९६५ साली ‘एका कोळियाने’मध्ये आणला. खरं सांगायचं तर त्या पुस्तकात मला कधीकधी हेमिंग्वेपेक्षा पुलंच जास्त ऐकू येतात. तरीही वेसाव्याच्या किनाऱ्यावर जाळी वाळत घातलेली पाहून सांतियागो आठवावा, ही सोय आम्हाला त्यांनीच करून दिली. आणि पन्नाशीला पोचलेला, महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेला हा माणूस बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिला, हे मला त्यांच्या सगळ्या प्रयोगांपेक्षा मोठं वाटतं.

विलास सारंगांची वाट वेगळी. काफ्का आणि बेकेट पचवून त्यांनी मराठीत कथा लिहिल्या, ‘सोलेदाद’ हा संग्रह १९७५ सालचा. बसऱ्याला शिकवत होते, त्यातून ‘एन्कीच्या राज्यात’ ही कादंबरी आली. स्वतःच्या कथा इंग्रजीत नेल्या, पेंग्विनने १९९० साली त्यांचं पुस्तक काढलं. मराठीने त्यांना काय दिलं? आदर दिला आणि वाचलं मात्र थोडक्यांनी. जग वाचलेला लेखक आपल्याला घरात जरा अवघडल्यासारखा वाटतो.

आता मुद्द्यावर येतो. आज मी बोरिवलीहून मुलुंडला आलो. नकाशावर ही दोन गावं शेजारी आहेत, मध्ये फक्त नॅशनल पार्क. पण लोकलने यायचं तर आधी दादरला जायचं, पूल ओलांडायचा आणि मग उलट वर यायचं. आपल्या भाषांचं असंच झालं आहे. शेजारच्या भाषेतला लेखक आपल्याला कळतो तो इंग्रजीचं दादर करून.

जयंत कायकिणी गोकर्णाचे. तरुणपणी मुंबईत आले, औषधांच्या कारखान्यात नोकरी केली, वीसेक वर्षं इथे राहिले आणि मुंबईवर कन्नडमध्ये कथा लिहिल्या. आपल्याच चाळी, आपल्याच लोकल, आपल्याच खानावळी. तेजस्विनी निरंजना यांनी त्या इंग्रजीत नेल्या आणि त्या पुस्तकाला दक्षिण आशियाई साहित्याचा २०१८चा डीएससी पुरस्कार मिळाला. अनुवादित पुस्तकाला तो पहिल्यांदाच मिळाला. त्यानंतर आपल्याकडच्या पुष्कळांना कळलं की आपल्या डब्यात उभा राहून एक माणूस आपल्याबद्दल लिहीत होता. सभागृहात कायकिणींची एक तरी कथा वाचलेले किती आहेत? हात वर करा. ...राहू द्या.

थेट रस्ता होतो, हेही आपण पाहिलं आहे. पुण्यात विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड वाचून दाखवायचे आणि त्यांच्या पत्नी उमाताई मराठीत लिहायच्या. त्या घरातून भैरप्पांचं ‘वंशवृक्ष’ आलं, ‘पर्व’ आलं, आणि भैरप्पांना मराठी लेखकाइतका मराठी वाचक मिळाला. त्यासाठी परदेशी फंड लागला नाही. आपल्या घाटकोपर-मुलुंडमध्ये तर जिन्याच्या एका बाजूला गुजराती घर आणि दुसऱ्या बाजूला मराठी. लोणची आणि लग्नपत्रिका इकडून तिकडे जातात, कथा जात नाहीत. मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढणाऱ्या काशिनाथ आजगावकरांना बंगालीचा इतका लळा होता की त्यांनी आडनावच ‘मित्र’ घेतलं. त्या अंकाचे वारसदार म्हणवून घेणाऱ्या आपल्या दिवाळी अंकांत आज भविष्य असतं, जाहिराती असतात, गुजराती कथा क्वचितच सापडते.

अनुवादकाचं दुखणं वेगळं सांगायला नको. एका प्रकाशकाने माझ्या मित्राला दोन वर्षांच्या कामाबद्दल पुस्तकाच्या वीस प्रती आणि शाल दिली. शाल बरी होती. इंटरनॅशनल बुकर पुरस्काराची रक्कम मात्र लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटतात. २०२२ साली गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’ला आणि २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कथांना तो मिळाला, तेव्हा अनुवादक डेझी रॉकवेल आणि दीपा भास्ती यांना निम्मा वाटा मिळाला. आपल्याकडे निम्मं राहू द्या, अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर शोधायला चष्मा पुसावा लागतो.

उद्या समारोपाच्या सत्रात ठराव येतील. सीमाप्रश्नाचा येईल, अभिजात दर्जाच्या अंमलबजावणीचा येईल, आणि ते यावेतच. विषय नियामक समितीला माझी विनंती आहे की त्यांत दोन ठराव आणखी घालावेत. पुढच्या संमेलनात एक पूर्ण सत्र उपनगरात राहणाऱ्या गुजराती, कन्नड, उर्दू आणि हिंदी कथाकारांचं असावं, कथा त्यांच्या भाषेत आणि लगेच मराठीत वाचली जावी, आणि मराठी करणाऱ्याला मूळ लेखकाइतकंच मानधन मिळावं. दुसरा ठराव असा की संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात गाळा हवा असेल त्या प्रकाशकाने अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाच्या बरोबरीने छापावं. पहिल्या ठरावाला पैसे लागतील. त्यासाठी आज मला मिळणारं मानधन मी कार्याध्यक्षांकडे जमा करतो आहे. दुसऱ्याला एक पैसाही लागत नाही. तो उद्याच मंजूर करा.