गडावरील नवे दगड



दासगावहून महाड जवळ आणि रायगडही फार दूर नाही. दोन्ही ठिकाणी इतिहासाच्या जागेत आधुनिक काळाने आपली स्मारके उभी केली आहेत.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. आज त्याच तळ्यात त्यांचा पुतळा आहे. पुतळा नवा, पण घटना त्याच जागेची. नगरपालिकेचा १९२४ चा ठराव, पुढे १९३७ चा उच्च न्यायालयाचा निकाल, सारे कागदोपत्री आहे. त्या परिषदेमागे दासगावशी नाते असलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांची धडपड होती, हेही येथे विसरू नये.

रायगडावर मात्र गुंता आहे. शिवसमाधीपुढे उंच चौथऱ्यावर वाघ्या कुत्र्याची प्रतिमा आहे. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली, अशी लोककथा. १६८० च्या त्या प्रसंगाला समकालीन आधार मिळत नाही, असे अनेक अभ्यासक सांगतात. चौथरा उभा राहिला तो १९३६ साली, इंदूरच्या होळकरांच्या साहाय्याने. ऑगस्ट २०१२ मध्ये काहींनी प्रतिमा उखडून दरीत टाकली, ती पुन्हा बसवावी लागली. २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपतींनी ती हटविण्याची मागणी केली. धनगर समाजातून विरोधही झाला, कारण होळकरांच्या देणगीत त्यांना आपल्या स्वामीनिष्ठेचा मान दिसतो. ही भावना खोटी म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही.

तथापि भावना ही पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. आणि रात्रीची पहार तर त्याहून नाही! समाधीवरचे बांधकामही टिळकांच्या प्रेरणेने १८९५ पासून चाललेल्या चळवळीचे फळ आहे, म्हणजे तेही एका अर्थी आधुनिकच. फरक इतकाच की, तेथे महाराजांची समाधी होती. 'नवे ते सारे हटवा' ही घोषणा म्हणूनच चालणार नाही. प्रत्येक दगडाला, तो काय सांगतो आणि कोणत्या आधारावर, असे विचारावे लागेल.

घाईचे फळ मालवणात दिसले. राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला.

रायगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत त्याचा समावेश आहे. तेव्हा निर्णय खात्याने, इतिहासज्ञांनी आणि धनगर समाजाच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून, कागद समोर ठेवून करावा. तो होईपर्यंत चौथऱ्यापाशी साध्या मराठीत तीन ओळी लिहाव्यात: हा १९३६ साली बांधला, होळकरांनी साहाय्य केले, वाघ्याची कथा लोकपरंपरेतील आहे. गड चढून आलेल्या मुलाला एवढे तरी खरे वाचायला मिळावे.