अबोल माणूस आणि गोपनीय अहवाल



मार्च महिना सरला की कचेऱ्या-कचेऱ्यांतून एक कागद भरला जातो. त्याला गोपनीय अहवाल म्हणतात. आता त्याचे नाव बदलून कार्यमूल्यमापन अहवाल असे झाले आहे; पण बोलताना लोक अजून ‘सी. आर.’ असेच म्हणतात. वर्षभराच्या कामाची किंमत त्या कागदावर दोन-चार शब्दांत ठरते. पुढे बढती निघाली की तोच कागद काढून पाहतात.

बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे आहे. आज मला बोलायचे आहे ते या गहू पडून राहिलेल्या माणसांविषयी. तुमच्या शाळेत, सोसायटीत, तहसील कचेरीत असा एखादा असतोच. वेळेवर येतो, मान खाली घालून काम करतो आणि घरी जातो. साहेबांच्या खोलीत विनाकारण डोकावत नाही. बैठकीत सगळे बोलून झाले तरी याचा शब्द ओठांवरच असतो.

मी स्वतः त्यातलाच. वर्गात तासभर बोलतो, पण चार वडीलधाऱ्यांपुढे जीभ टाळ्याला चिकटते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या अहवालावर शेरा पडला : ‘कामात नियमित. परंतु पुढाकार नाही.’ तो वाचून मला दोन रात्री झोप लागली नाही. कारण त्याच वर्षी, नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवीत होतो. कोणी सांगितले नव्हते. मग पुढाकार तो आणखी कोणता?

आठ दिवस मनात जळत राहिलो. शेवटी एका कागदावर मुलांची नावे, वार आणि निकाल लिहून प्राचार्यांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “अहो, हे तुम्ही मला कधी सांगितलंत?”

मला उत्तर देता आले नाही. शेरा अन्यायाचाच होता. चौकशी न करता तो लिहायला नको होता. पण काम आपोआप बोलेल ही माझी समजूतही खुळी होती. काम बोलते, पण ते पाहायला कोणी तिथे असावे लागते. त्या वर्षीचा शेरा काही बदलला नाही. पुढच्या वर्षीचा मात्र निराळा होता, आणि त्यासाठी मला माझा स्वभाव बदलावा लागला नाही.

म्हणून सांगतो, जे तोंडाने जमत नाही ते कागदाने करावे. एक साधी वही घ्या. दर शनिवारी दोन ओळी लिहा : काय केले, किती केले, त्याचा पुरावा कुठे आहे. अहवालात स्वतःच्या कामाविषयी लिहायचा जो भाग असतो, तिथे संकोची माणूस ‘नेमून दिलेले काम केले’ एवढे लिहून मोकळा होतो. तसे करू नका. ‘चौथीतील ज्या सात मुलांना जूनमध्ये वाचता येत नव्हते, त्यांपैकी पाच मुले मार्चमध्ये धडा वाचू लागली’ असे लिहा. ही बढाई नव्हे, हा हिशेब आहे. दुकानदार खातेवही लिहितो, त्याला कोणी बढाईखोर म्हणत नाही.

दुसरे, आपला अहवाल मागून वाचा. ‘चांगला’ या शब्दानेही नुकसान होऊ शकते. सीमा रस्ते संघटनेतील देवदत्त नावाच्या कार्यकारी अभियंत्यांचे असेच झाले. बढतीसाठी पाच वर्षे ‘अतिशय चांगला’ असा शेरा हवा होता. १९९३-९४ च्या अहवालात त्यांना नुसता ‘चांगला’ मिळाला, आणि तो त्यांना कोणी कळवलाच नाही. बढती हुकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००८ साली न्यायालयाने सांगितले की बरा असो वा वाईट, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला आपले म्हणणे मांडता येईल. तोवर देवदत्त निवृत्त झाले होते. २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच मत कायम केले. केंद्र सरकारने २००९ च्या आदेशाने आपल्या कर्मचाऱ्यांना पूर्ण अहवाल देण्याची आणि त्यावर निवेदन करण्यास पंधरा दिवसांची मुदत देण्याची व्यवस्था केली. खाजगी शाळांतील शिक्षकांसाठी १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतही प्रतिकूल शेरा कळवण्याची तरतूद आहे. इतरांनी आपापल्या खात्याचा नियम विचारून घ्यावा आणि मुदत चुकवू नये.

तिसरे, निवेदन लिहायचे ते थोडक्यात. शेरा कोणता, तो का पटत नाही, पुरावा काय, मागणी काय, बस्स. ‘अमक्याला मात्र चांगला शेरा दिला’ हे वाक्य आले की तुमचे निवेदन भांडण होते. रागात लिहिलेला कागद एक रात्र उशाखाली ठेवावा आणि सकाळी पुन्हा वाचावा. एक प्रत आपल्याकडे ठेवावी, तीवर पोच घ्यावी.

एवढे करूनही न्याय मिळेलच असे मी म्हणणार नाही. काही साहेबांना आपली माणसेच दिसतात. तरीही वहीचा एक उपयोग राहतोच. आपल्यात खरेच काही नाही की काय, ही शंका मनाला कुरतडू लागते, तेव्हा वही उघडून पाहता येते.

जाता जाता मुख्याध्यापकांना आणि अधिकाऱ्यांना एक विनंती. शेरा कामावर लिहा, स्वभावावर नको. ‘मिसळत नाही’ हा दोष लिहिण्यापूर्वी त्या माणसाच्या वर्गात किंवा टेबलाशी एकदा जाऊन बसा. “यंदा काय काय केलंत?” असे आपणहून विचारा. तो लगेच बोलणार नाही. थोडे थांबा. त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते.