आधी प्लग, मग हात

कोकणात बऱ्याच बचत गटांनी शोभेच्या माशांचा धंदा धरला आहे. आम्हीही त्यातल्याच. गप्पी, मॉली, गोल्डफिश वाढवतो आणि विकतो. टाकीच्या पाण्याला लावतात तो यूव्ही दिवा फुटला तर काय करायचं, ते आज सांगणार आहोत.

मोटार टाकीतलं पाणी एका बंद डब्यातून फिरवते. डब्यात क्वार्ट्झ काचेची नळी आणि नळीच्या आत दिवा. त्याच्या किरणांनी पाण्यातले जंतू आणि हिरवं शेवाळ मरतं. पाणी आणि वीज यांच्या मधे असते ती एवढीच पातळ नळी आणि टोकाची रबरी रिंग. नळीला तडा गेला की पाणी थेट विजेच्या जोडापर्यंत पोचतं. मग टाकीत हात घालणारीला शॉक बसतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेडमध्ये दिवा लुकलुकायला लागला, जोडाशी पाणी झिरपताना दिसलं. जिची ड्यूटी होती तिने कशालाही हात न लावता आधी मेन स्विच बंद केला, मग आम्हाला हाक मारली. म्हणून कुणाला काही झालं नाही. तेव्हापासून आमचा नियम एकच: आधी प्लग, मग हात.

पुढचं काम घाईचं नाही. डबा काढून ठेवला की बाकीची वीज सुरू करा. हवेचा पंप चालू राहिला पाहिजे. यूव्हीशिवाय मासे काही दिवस राहतात.

दिवाच फुटला असेल तर जास्त जपायचं. त्यात थोडा पारा असतो. पोरांना आणि गरोदर बायकांना बाहेर पाठवा. पंखा बंद करा, खिडक्या उघडा, दहा मिनिटं थांबा. झाडू मारू नका, पारा पसरतो. हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने काचा गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. फुटका दिवा पाण्यात पडला असेल तर मासे दुसऱ्या टाकीत हलवा. ते पाणी विहिरीकडे, ओढ्याकडे सोडू नका. मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्याला विचारा. बरणी उकिरड्यावर टाकायची नाही. 2016 च्या घनकचरा नियमांत ट्यूबलाइट, सीएफएल हा घरगुती घातक कचरा धरला होता, तो वेगळा द्यायचा असतो. हा दिवाही त्याच जातीचा. ग्रामपंचायतीत विचारा.

नळी बदलताना कुणी म्हणेल, साधी काच बसवा, स्वस्तात होईल. तसं करू नका. साध्या काचेतून हे किरण जात नाहीत. निळा उजेड दिसेल, पण जंतू मरणार नाहीत. दिवाही साधारण वर्षभर सतत चालला की निळा दिसतो, पण जोर कमी झालेला असतो. म्हणून बसवल्याची तारीख डब्यावर लिहून ठेवा. आणि पेटलेला दिवा उघडा करून पाहू नका. वेल्डिंगकडे बघितल्यावर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, तसंच होतं.

मैत्रिणींनो, माशांची एक खेप गेली तर पुन्हा भरता येते. पुढच्या बैठकीत वायरमनला बोलवा, अर्थिंग तपासून घ्या, ईएलसीबी बसवून घ्या. त्या खर्चाला गटात कुणी नाही म्हणू नये.