सहभागातील ‘भाग’



सत्तेचे पहिले दर्शन मला ग्रंथांत नव्हे, तर कृष्णाकाठच्या एका खेड्याच्या चावडीत घडले. वतनदार घोंगडीवर, कुणबी पायरीवर आणि महार-मांग जोत्याखाली, तेही उभे, ही व्यवस्था कोणत्याही फर्मानाने लावलेली नव्हती. आणि म्हणूनच पुढे वतने खालसा झाली तरी बसण्याच्या त्या जागा कित्येक वर्षे हलल्या नाहीत.

सातारा-सांगलीच्या या भूमीने सत्तेची उलथापालथ पुष्कळ पाहिली आहे. १९३९ साली औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी, महात्मा गांधींच्या सल्ल्याने, आपल्या ७२ गावांचा कारभार रयतेच्या स्वाधीन केला. ते दान उदात्त होते, परंतु दानच होते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर निशाण लावावयास निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन नऊ जण हुतात्मे झाले, तेव्हा रयतेने मागणे सोडून घेणे आरंभिले. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा अंमल गावोगाव चालू झाला आणि औंध संस्थानातलेच कुंडल त्याचे एक प्रमुख ठाणे बनले. मामलेदाराच्या उंबऱ्याशी झिजणारी फिर्याद गावच्या न्यायदान मंडळापुढे येऊ लागली, सावकाराला जाब विचारला जाऊ लागला, कर्जात बुडविणाऱ्या लग्नांऐवजी अल्पखर्ची विवाह लागू लागले. त्या पराक्रमापुढे मी नतमस्तक आहे. तथापि, काही गहाण जमिनी सुटल्या तरी जमीनधारणेचा पाया जिथल्या तिथेच राहिला, हेही अभ्यासकाने सांगितलेच पाहिजे. कारण निवाडा कोणी करावा हा प्रश्न त्या चळवळीने सोडविला, पण विहिरीवर कोणाची मोट चालावी हा प्रश्न शिल्लकच होता.

पाण्याचा तो प्रश्न हाती घेतला खानापूर तालुक्यातील अवर्षणग्रस्त माणसांनी. १९८२ च्या गिरणीसंपानंतर मुंबईहून परतलेले कामगार आणि दुष्काळी कामांवरचे मजूर ‘मुक्ती संघर्ष’ चळवळीत एकत्र आले. येरळा नदीच्या पात्रातली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. त्याच वाळूपैकी थोडी विकून नदीवर आपले धरण बांधण्याचा हक्क बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी झगडून मिळविला, आणि धरणाला नाव दिले बळीराजाचे. ज्या जोतीराव फुल्यांनी बळीला शेतकऱ्यांचा राजा म्हणून पुन्हा उभे केले, त्यांचे मूळ घराणे याच परिसरातील कटगुणचे.

मला धरणाच्या भिंतीहून मोलाचा वाटतो तो पाणीवाटपाचा नियम: भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. ज्याला गुंठाभरही रान नाही त्याने पाणी घेऊन करावे काय, अशी शंका शहाणी माणसे घेत; पण दुष्काळी मुलखात कोरडे रान पाण्यावाचून पडीक असते, आणि हाती पाणी असलेला मजूर जमीनमालकाकडे कामाची याचना न करता वाट्याने शेती करण्याचा करार बोलू शकतो. दोघांचे नातेच तेथे बदलते. आपण समाजशास्त्रज्ञ ‘सहभाग’ हा शब्द वापरताना ‘सह’वर इतका भर देतो की, त्यातला ‘भाग’ आपल्या लक्षातच राहत नाही. सभेला बोलावलेल्या माणसाची हजेरी आपण मोजतो, परंतु सभा उठल्यावर त्याच्या पदरात काय पडले, याची नोंद आपल्या दप्तरांत क्वचितच सापडते.

उद्या दुपारी या परिषदेचे निबंधवाचन संपेल. तरुण अभ्यासकांनी त्यानंतर येरळेकाठी जावे, पाण्याच्या पाळ्या कशा ठरतात ते विचारावे, आणि गावच्या बैठकीत कोण कोठे बसते, हेही पाहून यावे.