शाळेच्या उंबरठ्यावर अडलेला लोकपाल

नागरिकाला तक्रारीचा अधिकार आहे असे म्हणणे सोपे. ती तक्रार कोण तपासणार, हा खरा प्रश्न होय. इंग्लंडमधील शाळांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

तेथे १९७४ च्या कायद्याने स्थानिक कारभारासाठी लोकपाल आला. स्थानिक शासनाच्या शाळेत प्रवेशाचे अपील नीट ऐकले गेले नाही, वा मुलाला वाहतुकीची सोय नाकारली गेली, तर तो चौकशी करू शकतो. परंतु अध्यापन, अभ्यासक्रम, शिस्त आणि शाळेचा अंतर्गत कारभार त्याच कायद्याने त्याच्या कक्षेबाहेर ठेवला. म्हणजे मूल दारापर्यंत कसे पोहोचले हे त्याने पाहावे. दाराआड काय घडले ते पाहू नये!

२००९ मध्ये मजूर सरकारने हा अधिकारही त्याला देणारा कायदा केला. २०१० पासून काही भागांत काम सुरूही झाले. २०११ मध्ये हुजूर व लिबरल डेमोक्रॅट आघाडीने शिक्षण कायद्याद्वारे तो काढून घेतला. पालकाने प्रथम शाळेच्याच नियामक मंडळाकडे जावे आणि नंतर शिक्षण खात्याकडे, हाच मार्ग उरला.

शिक्षकाचे अध्यापनस्वातंत्र्य जपलेच पाहिजे. पण मुलाच्या छळाकडे झालेली डोळेझाक त्या स्वातंत्र्यात मोडत नाही. श्रीमंत पालक शाळा बदलतो, वकील देतो. श्रमिकाच्या हाती केवळ अर्ज असतो. तो अर्ज ज्याच्याविरुद्ध, त्याच्याच मेजावर जाणार असेल, तर सार्वजनिक शिक्षण हे नावापुरतेच सार्वजनिक राहते. म्हणूनच शाळांच्या सार्वजनिक मालकीबरोबर स्वतंत्र चौकशीचा आग्रह समाजवाद्यांनी धरला पाहिजे.